उन्हाळ्यात सुरू होणारा थुकपा

लेहच्या स्वयंपाकघरात पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो, त्यामुळे पाण्याला शंभर अंश गाठायची वेळच येत नाही. भांडं खदखदतं, वाफा निघतात, आणि राजमा मात्र तासन्‌तास टणकच राहतो. चूल कितीही फुलवा, उघड्या भांड्यातलं पाणी त्याहून तापत नाही. प्रेशर कुकर घरोघरी पोचण्याआधी इथल्या बायकांना या एका गोष्टीशी रोज झगडावं लागे, आणि झगडायला हाताशी इंधनही फारसं नसे.

लडाख हे थंड वाळवंट आहे. लेहमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सुमारे शंभर मिलिमीटर पाणी पडतं. मुंबईत जुलैच्या एका जोरदार दिवसात तेवढं पडून जातं. जंगल जवळपास नाहीच. ओढ्याकाठी हाताने लावलेले विलो आणि पॉपलर हेच लाकूड, आणि त्यातलं चांगलं लाकूड घराच्या छपरासाठी राखून ठेवायचं. चुलीत जातात त्या गोवऱ्या आणि वाळकी झुडपं. जानेवारीत लेहची रात्र शून्याखाली १५ अंशांच्या आसपास असते, द्रासची त्याहून कितीतरी थंड. नळ गोठतात, पाइप फुटतात, पाणी झऱ्यावरून किंवा हातपंपावरून वाहून आणावं लागतं. श्रीनगरकडून येणारा रस्ता झोजी ला खिंडीत अडतो, मनालीकडून येणारा बारालाचा ला आणि तंगलंग ला या खिंडींच्या अलीकडेच थांबतो. अगदी अलीकडेपर्यंत हे दोन्ही रस्ते पाच-सहा महिने बर्फाखाली असत.

पाणी पुरेसं तापत नाही, सरपण मोजून वापरायचं, भांडी घासायलाही पाणी नाही आणि बाहेरून भाजीची जुडीसुद्धा येणार नाही. अशा ठिकाणी माणसं हिवाळाभर रात्री काय खातात? थुकपा खातात. पर्यटकांच्या ओळखीचा थुकपा म्हणजे शेवयांचं तिखट सूप, पण लडाखी घरात थुकपा हे पातळ, गरम, एकाच भांड्यात शिजणाऱ्या जेवणाच्या अख्ख्या कुळाचं नाव आहे. कधी त्यात जवाचं पीठ लावलेलं असतं, कधी कणकेचे तुकडे सोडलेले असतात, कधी सुकं मांस, कधी नुसता वाळलेला पाला. या भांड्याकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं, की ते चुलीवर चढतं तेव्हा त्यातलं बहुतेक काम आधीच झालेलं असतं. काही काम कढईत झालेलं असतं, काही गच्चीवरच्या उन्हात, काही जमिनीखाली.

आधी कढईकडे पाहू. लडाखचं मुख्य धान्य म्हणजे जव, स्थानिक भाषेत नस. मे महिन्याच्या सुमाराला पेरणी, वितळत्या हिमाच्या पाटांवर भरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात कापणी. वर्षात एकच पीक. कापलेला नस मोठ्या लोखंडी कढईत तापलेल्या वाळूत भाजतात. वाळूमुळे दाण्याला सगळीकडून सारखी आच लागते, दाणे तडतडून फुलतात, मग चाळणीने वाळू खाली पाडायची. भाजलेला नस ओढ्यावरच्या पाणचक्कीत दळला की ङम्फे तयार होतं. इथे एक शहाणपण दडलेलं आहे. कढईत पाणी नसतं, त्यामुळे ८८ अंशांचं बंधनही नसतं. दाणा कोरड्या आचेवर कितीतरी जास्त तापतो आणि शिजूनच निघतो. वर्षातून काही दिवस एकत्र सरपण जाळून महिनोन्‌महिन्यांचं धान्य एकदाच शिजवून ठेवायचं. मग हिवाळ्यात ते लोणी-मिठाच्या चहात कालवून कोलक म्हणून खाता येतं, नाही तर थुकप्याच्या उकळीत भुरभुरलं की पाच-दहा मिनिटांत दाट खळ तयार होते.

वाटाण्याचंही तेच. अख्खा वाटाणा इथे शिजवत बसणं म्हणजे गोवऱ्यांची उधळपट्टी. म्हणून तो जवाबरोबर दळून त्याच्या पिठाचा पाबा करतात, किंवा तेच पीठ सुपात जातं. कणकेचे तुकडे पातळ आणि छोटे ठेवण्यामागेही हाच हिशेब आहे. गव्हाचं स्टार्च साठ-पासष्ट अंशांच्या आसपास फुगायला लागतं, म्हणजे ८८ अंश त्याला भरपूर झाले. फक्त उष्णता आतपर्यंत लवकर पोचली पाहिजे. जाड गोळा बाहेरून गळतो आणि आतून कच्चा राहतो, चपटा तुकडा सरळ शिजतो.

महाराष्ट्रातून लडाखला जाणारी मंडळी मोठ्या संख्येने जातात ती जून ते सप्टेंबर या काळात. त्यांना निळं आकाश, मठ आणि पँगाँग सरोवर दिसतं. ऑगस्टात शाम भागातल्या किंवा कारगिलकडच्या गावांतून जाताना घरांच्या सपाट छपरांवर वाळत घातलेले केशरी जर्दाळूही दिसतात आणि त्यांचे फोटो निघतात. ती छपरं म्हणजे हिवाळ्याचं स्वयंपाकघर असतं. जर्दाळूशेजारी सलगमचा पाला, पालक, टोमॅटोच्या चकत्या, डोंगरातून खुडून आणलेल्या रानभाज्या वाळत असतात. हवा इतकी कोरडी, की पाला बुरशी धरायच्या आत कडक होतो. स्कोत्से नावाचा रानकांदा वाळवून, कुटून ठेवतात. फोडणीत चिमूटभर टाकला की लसूण-कांद्याचा एकत्र वास सुटतो. शहाजिऱ्याच्या जातीचं रानजिरं, कोस्न्योत, तेही असंच गोळा होतं. डोंगरावरच्या कुरणांत झोमो, म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातली मादी, भरपूर दूध देत असते. त्याचं लोणी निघतं आणि उरलेलं ताक आटवून, गाळून छुर्पे करतात. उन्हात वाळलेलं छुर्पे इतकं टणक होतं, की ते दातांनी फोडण्याचा नाद न करता थुकप्यात सोडावं आणि मऊ व्हायची वाट पाहावी.

कंदमुळांसाठी जमीन. बटाटा, गाजर, सलगम, मुळा हे सगळं पहिल्या कडक थंडीआधी खणून पुन्हा खड्ड्यात जातं. माती ही उष्णतेची वाईट वाहक आहे, आणि इथे तोच तिचा गुण. वर सगळं दगडासारखं गोठलेलं असलं तरी खोल खड्ड्यात तापमान शून्याच्या थोडं वरच राहतं. भाजी गोठतही नाही आणि कुजतही नाही. उलट थंडीत गाजर आणि बटाटा आपल्यातल्या स्टार्चची साखर करू लागतात. फेब्रुवारीतल्या थुकप्याला जी हलकी गोडी असते ती त्यातूनच येते.

मांसाची वेळ सगळ्यात शेवटी. उन्हाळाभर कुरणात चरून जनावरं अंगाने भरतात. थंडी सुरू झाली की चारा मोजका असतो. छपरावर रचलेली लसूणघास सगळ्या कळपाला पुरणार नसते. तेव्हा काही जनावरं मारली जातात, आणि नेमकी तेव्हाच हवा इतकी गार असते की मांस आपोआप टिकतं. पट्ट्या कापून त्या टांगून वाळवतात. बौद्ध घर असो की कारगिलकडचं मुस्लिम घर, वाळलेल्या मांसाचा एक तुकडा अख्ख्या भांड्याला चव देतो. भांड्यात मांस थोडं असतं, पण हाडं सोडून दिली जात नाहीत; बुखारीवर, म्हणजे खोलीतल्या शेगडीवर, ती दिवसभर मंद उकळत ठेवता येतात, कारण ती आच खोली तापवण्यासाठी तशीही पेटलेलीच असते.

सगळंच घरच्या शेतातून येत नसे. मीठ चांगथांगच्या पठारावरून येई. तिथले चांगपा मेंढपाळ त्सो कार सरोवराकाठचं मीठ आणि लोकर मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादून खाली आणत आणि बदल्यात जव नेत. लोण्याचा एक वाटा झांस्करहून येई, तोही भर हिवाळ्यात. झांस्कर नदी जानेवारी-फेब्रुवारीत गोठते आणि तिच्यावर बर्फाची वाट तयार होते, तीच चादर. आज चादर म्हणजे ट्रेकिंगची मोहीम. पण झांस्करी माणसं त्या वाटेने पाठीवर लोणी घेऊन लेहच्या बाजारात येत, गुहांमध्ये रात्री काढत, आणि परतताना गरजेच्या वस्तू नेत. लेहमधल्या एखाद्या कुटुंबाच्या थुकप्यावर तरंगणारा लोण्याचा डाग कधीकधी असा गोठलेल्या नदीवरून चालत आलेला असे.

आता ही सगळी बेगमी एका भांड्यात कशी उतरते ते पाहू. उदाहरण स्क्यूचं घेऊ, कारण तो लडाखी घराचा अगदी रोजचा पदार्थ आहे आणि मराठी माणसाला तो समजायला वेळ लागत नाही. ज्यांच्या घरी चकोल्या किंवा वरणफळं होतात त्यांना त्याची रीत चटकन कळेल. चौघांसाठी दोन वाट्या कणीक मिठाच्या पाण्यात घट्ट मळून झाकून ठेवायची. पातेल्यात लोणी किंवा तेल, त्यात कांदा, असेल तर मांस, मग सलगम, गाजर आणि बटाटा यांचे मोठे तुकडे, मीठ, हळद. भाज्या बुडून वर चार बोटं येईल इतकं पाणी. ते उकळेपर्यंत कणकेची बोराएवढी गोळी तोडायची, तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबून किंचित फिरवायची, की मध्ये खळगा पडलेली छोटी वाटी होते. खळग्यामुळे तुकडा मध्ये पातळ होतो आणि त्यात रस साचतो. या वाट्या उकळीत सोडायच्या आणि आच उतरवायची. कणकेचं स्टार्च पाण्यात उतरतं आणि रस आपोआप दाट होतो, वेगळं पीठ लावावं लागत नाही. शेवटी छुर्पे किंवा थोडं दूध. कणीक लाटून तिचे तुकडे मध्ये चिमटून फुलपाखरासारखे केले, की त्याच जातीची छुतागी होते. लडाखी घरात हे तुकडे वळायला आजीपासून शाळेतल्या मुलापर्यंत सगळे चुलीभोवती बसतात, आणि ते वळता वळता गप्पा होतात. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात स्क्यू करायचा तर सलगमऐवजी मुळा चालतो, छुर्प्याऐवजी शेवटी थोडं ताजं पनीर. वेळ मात्र निम्म्यावर येतो, कारण पाणी इथे जास्त तापतं.

एक भांडं, एक चूल. कोशिंबीर वेगळी नाही, पोळी वेगळी नाही, आमटी वेगळी नाही. भाजी उकडून पाणी फेकून देणं इथे कुणाला सुचणारही नाही, कारण ते पाणी कुणीतरी बर्फाळ वाटेने वाहून आणलेलं असतं. वाडगा रिकामा झाला की तो जवळपास पुसलेलाच असतो.

गरम सुपाने ऊब येते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती नेमकी कुठून येते हे हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. तीनशे मिलिलिटर थुकपा साठ अंशांवर प्यायला, तर शरीराच्या ३७ अंशांपर्यंत उतरताना तो सुमारे सात किलोकॅलरी उष्णता देतो. स्वस्थ बसलेलं प्रौढ शरीर तेवढी उष्णता पाच-सहा मिनिटांत स्वतःच तयार करतं. म्हणजे वाफाळत्या पातळ पदार्थाने अंगातली उष्णता फारशी वाढत नाही. तोंड, घसा आणि वाडगा धरलेले हात तापतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि बरं वाटतं; ते खोटं नाही, पण रात्र त्यावर निघत नाही. रात्र निघते ती सुपातल्या सरपणावर. एक मोठा चमचा लोणी म्हणजे सुमारे शंभर किलोकॅलरी, शंभर ग्रॅम पीठ म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. हे इंधन पचताना आणि पचल्यावर सावकाश जळत राहतं. हॉटेलातलं पारदर्शक सूप आणि लडाखी थुकपा यांच्यात खरा फरक हाच आहे. पहिलं जेवणाआधी भूक चाळवतं, दुसरं जेवणच असतं.

पाण्याचंही काम मोठं आहे. थंड हवेत तहान कमी लागते, पण शरीर पाणी गमावतच असतं. कोरडी गार हवा आत ओढायची, तिला फुप्फुसात ऊब आणि ओल द्यायची, आणि ती ओल प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर सोडायची, हे चोवीस तास चालतं. उंचीमुळे श्वासही जलद असतो. थंडीत लघवीही जास्त होते. अशा वेळी कुणाला गार पाणी प्यावंसं वाटणार? थुकपा आणि लोणी-मिठाचा गुरगुर चहा न सांगता पाणी आणि मीठ दोन्ही पोटात पोचवतात. दाटपणाचाही उपयोग असतो. पातळ पाण्यात तापलेला थर वर आणि गार झालेला खाली असं अभिसरण भराभर चालतं आणि वाडगा लवकर निवतो. पिठाने दाट झालेल्या रसात ते अभिसरण मंदावतं. वर लोण्याचा थर असेल तर वाफ होऊन निसटणारी उष्णताही अडते.

घराची बांधणी याच तर्काने चालते. कित्येक जुन्या घरांत तळमजल्यावर गुरं, वर माणसं. कच्च्या विटांच्या जाड भिंती दिवसभराचं ऊन पितात; लडाखचं एक मोठं भाग्य म्हणजे हिवाळ्यातही आकाश बहुधा स्वच्छ असतं. छपरावर रचलेला चारा आणि सरपण हे थंडीविरुद्धचं पांघरूणही असतं. थंडी वाढली की कुटुंब बाकीच्या खोल्या सोडून देतं आणि स्वयंपाकघरात राहायला येतं. मध्यभागी नक्षीदार लोखंडी चूल, भिंतीवरच्या फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने, खाली गालिचे. शेतं गोठलेली असल्यामुळे हा कामाचा नव्हे तर माणसांचा ऋतू. लोकर कातणं, लग्नं, मठांमधले मुखवट्यांचे नाच, आणि राजा केसरच्या शौर्याच्या लांबलचक कथा, ज्या परंपरेने हिवाळ्यातच सांगायच्या.

लोसार हे नववर्षही लडाखमध्ये डिसेंबरच्या आसपास येतं, तिबेटच्या सुमारे दोन महिने आधी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा जामयांग नामग्याल बाल्टिस्तानवर स्वारीला निघाला आणि युद्धाआधीच सण उरकून घेतला, अशी त्यामागची कथा सांगतात. नव्या वर्षाच्या तोंडावर गुथुक नावाचा खास थुकपा होतो, त्यात नऊ जिन्नस घालण्याची प्रथा आहे. त्यातल्या कणकेच्या मोठ्या गोळ्यांमध्ये वस्तू लपवलेल्या असतात. मिरची निघाली तो बडबड्या, कोळसा निघाला तो मनाचा काळा, लोकर निघाली तो मऊ स्वभावाचा. एका चुलीभोवती दाटीने राहणाऱ्या माणसांना एकमेकांबद्दल जे बोलायचं असतं, ते त्या रात्री हसत हसत बोलून होतं.

या भांड्यातले जिन्नस कायम तेच राहिलेले नाहीत. बटाटा इथला नव्हे. शेजारच्या लाहौलमध्ये तो रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केलाँगला आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांना दिलं जातं. १९६०च्या दशकात श्रीनगर-लेह रस्ता झाला आणि सैन्याच्या मागोमाग ट्रकभर धान्य येऊ लागलं. त्याच दशकात लेहमध्ये संरक्षण संशोधन खात्याची प्रयोगशाळा उभी राहिली, आज तिला ‘डिहार’ म्हणतात. सैनिकांना ताजी भाजी इथेच मिळावी म्हणून तिथे जमिनीत चर खणून त्यावर प्लॅस्टिक ताणलेली साधी हरितगृहं विकसित झाली. पुढे ‘गेरेस’ या संस्थेने स्थानिक संस्थांच्या मदतीने गावोगाव सौर हरितगृहं बांधून दिली. दक्षिणेला प्लॅस्टिकचा पडदा, बाकी तीन बाजूंना मातीच्या जाड भिंती; दिवसा ऊन साठवायचं आणि रात्री परत घ्यायचं. वेगळं इंधन काहीच नाही. या कामाला २००९ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. जानेवारीत बाहेर सगळं गोठलेलं असताना या हरितगृहांत पालक आणि कोथिंबीर उगवते, आणि वाळलेल्या पाल्याच्या थुकप्यावर हिरवा पाला पडतो. हिवाळाभर ताजं हिरवं न मिळालेल्या घरांसाठी हा बदल किती मोठा आहे, हे बारमाही भाजीबाजार असलेल्या गावात बसून उमगणं कठीण आहे.

दुसरा बदल मात्र काळजीचा आहे. रेशनचा तांदूळ आणि मैदा स्वस्त मिळू लागला, कुकर आला, गॅस आला, आणि जव पेरणं, भाजणं, दळणं ही मेहनत अनेकांना नकोशी झाली. तरुण मंडळी लेहमध्ये किंवा त्याहून दूर शिकायला-नोकरीला गेली. शेतात आणि कुरणात हात कमी पडू लागले. वरण-भात मिळणं ही सोय आहे, तिला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण ङम्फे आणि पाबा हे गरिबांचं, मागासलेलं खाणं आहे ही समजूत तिच्यासोबत आली, आणि ती समजूत साफ चुकीची आहे. उंची, इंधन, पाणी आणि शरीर या चारही गोष्टींचा इतका नेमका विचार केलेलं जेवण देशात फार थोडं असेल.

ही समजूत पुसण्याचं काम लडाखी स्त्रियांनीच हातात घेतलं आहे. २०१६ मध्ये निल्झा वांगमो यांनी अलची गावात, तिथल्या जुन्या मठाजवळ ‘अलची किचन’ सुरू केलं. स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या स्त्रिया. पाहुण्यांसमोर उघड्या स्वयंपाकघरात, परंपरागत चुलीशी, छुतागी आणि स्क्यू वळले जातात. वांगमो यांना २०१९ सालचा नारी शक्ती पुरस्कार मिळाला. अशा जेवणाला गिऱ्हाईक मिळालं की गावातल्या शेतकऱ्याला नस पेरायला कारण मिळतं, पाणचक्की चालू ठेवायला कारण मिळतं. पण उन्हाळी पर्यटक काही महिन्यांपुरते येतात. रेशन दुकानात तांदळाच्या पोत्याशेजारी स्थानिक शेतकऱ्याकडून हमीभावाने घेतलेला जव ठेवला, आणि शाळेच्या दुपारच्या जेवणात आठवड्यातून एकदा थुकपा आला, तर मुलांना त्याची चव लागेल आणि वाळूत नस भाजणाऱ्या आजींना शिकवायला कुणीतरी मिळेल. ज्यांना ती आच अंदाजाने कळते अशा बायका अजून गावांत आहेत, म्हणून हे काम याच काही वर्षांत व्हायला हवं.